सुहासराव, चूक कबूल, पण तेवढीच

सुहासराव, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मेहुण्यांना आयजीए नेफ्रोपॅथीसाठी (आयजीए हे अँटिबॉडीचं प्रथिन किडनीच्या गाळण्यांत साचून होणारा आजार) सहा महिने स्टेरॉइड दिलं, लघवीतलं प्रोटीन (किडनी बिघडल्याची खूण) उतरलं आणि दोन वर्षांत होतं तिथे परत आलं. मी मात्र ‘स्टेरॉइडने किडनी वाचते’ असं छातीठोक लिहिलं आणि जर्मन अभ्यास सोयीस्करपणे गाळला, असा तुमचा आरोप. गाळला हे खरं. सोयीसाठी नव्हे, आळसापोटी, पण वाचणाऱ्याला त्याचं काय!

तर तो अभ्यास, २०१५ सालचा स्टॉप-आयजीएएन. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट स्टेरॉइडची नाहीच. पहिले सहा महिने सगळ्यांना प्रिल किंवा सार्टन गटातल्या (नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येणाऱ्या) बीपीच्या गोळ्या नीट मात्रेत दिल्या. तेवढ्यावरच जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांचं प्रोटीन इतकं उतरलं की त्यांना पुढच्या टप्प्यातल्या औषधांची गरजच उरली नाही. बाकीच्या १६२ जणांपैकी निम्म्यांना वर स्टेरॉइड दिलं, काहींना त्याच्या जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारी इतर औषधंही. तीन वर्षांनी आजार पूर्ण शमलेले या निम्म्यांत १७ टक्के, नुसत्या बीपीच्या गोळ्यांवर राहिलेल्यांत ५. पण किडनीच्या कामाची घसरण दोन्हीकडे सारखीच. पुढे काही वर्षं माग काढला, तरी फरक पडलेला दिसला नाही.

मग मी स्टेरॉइडची बाजू का घेतली? टेस्टिंग नावाच्या अभ्यासामुळे. त्यात चीनबरोबर भारतातलेही रुग्ण होते. पूर्ण मात्रेत गंभीर संसर्ग इतके झाले, काही दगावलेसुद्धा, की नवीन भरती थांबवावी लागली. मग मात्रा किलोमागे ०.४ मिलिग्रॅमवर आणली आणि न्यूमोनिया टाळायला जोडीला अँटिबायोटिक दिलं. २०२२ साली ५०३ जणांचा निकाल आला: सरासरी चार वर्षांत किडनीचं काम ४० टक्क्यांनी घटलेले, डायलिसिसला लागलेले किंवा किडनीमुळे दगावलेले स्टेरॉइड गटात २८.८ टक्के, दुसरीकडे ४३.१. म्हणजे फायदा आहे. फक्त तो काळानुसार विरत जातो, आणि हेच मी लिहायला हवं होतं. तुमच्या मेहुण्यांचं झालं ते अगदी असंच.

मलाही हाच आजार आहे, आणि माझंही असंच झालंय. चोवीस तासांची लघवी साठवायचा तो पाच लिटरचा कॅन आमच्या बाथरूमच्या कोपऱ्यात अजून आहे (बायको त्याला ‘तुझा तिसरा मुलगा’ म्हणते). स्टेरॉइड संपल्यावर प्रोटीनचा आकडा ०.६ ग्रॅमवर आला तेव्हा पेढे वाटले होते. दीड वर्षाने १.४. पेढे वाटायची घाई झाली होती.

माझा लेख म्हणजे ‘औषधांची जाहिरात’ हा तुमचा आरोप मात्र मान्य नाही. तुम्ही जाता जाता लिहिलंय की क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी गाळते तसा वाढतो) १.६ चं १.९ झालं म्हणून मेहुण्यांनी बीपीची गोळी स्वतःच बंद केली. मला स्टेरॉइडपेक्षा याची काळजी वाटते. या गोळ्या किडनीच्या गाळण्यांमधला दाब कमी करतात, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढतंच. तीस टक्क्यांपर्यंतची आणि तिथेच थांबलेली वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात. मेहुण्यांची वाढ एकोणीसच्या आसपास. पोटॅशियम बघितलं होतं का (या गोळ्यांनी ते वाढू शकतं)? तेव्हा जुलाब, उलट्या, अंगदुखीच्या गोळ्या असं काही चालू होतं का (त्यानेही क्रिएटिनिन चढतं)?

स्टेरॉइड सहा-नऊ महिन्यांचा पाहुणा, बीपीची गोळी वर्षानुवर्षांची. आता जोडीला डापाग्लिफ्लोझिनही असतं, मुळात मधुमेहाचं पण किडनीसाठीही दिलं जाणारं औषध. २०२० च्या डापा-सीकेडी अभ्यासात ४३०४ जणांपैकी २७० आयजीएवाले होते आणि त्यांनाही गुण आला. त्याच वर्षी पेटंट संपल्यामुळे आपल्याकडे ते स्वस्तही झालंय.

मेहुण्यांना म्हणावं, बंद केलेल्या गोळीची स्ट्रिप आणि आधीचे-नंतरचे दोन्ही रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात नेफ्रॉलॉजिस्टकडे जा. पोटॅशियमचा आकडा कळला तर इथेच कळवा. मूळ लेखातलं ते वाक्य मी आत्ताच बदललंय.