आबांची नाटकाची वही

सकाळी सकाळी डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी लाइक करून पुढे जा, राग मानणार नाही.

घरच्या ग्रुपवर कुणीतरी आमच्या कोल्हापूरच्या जळालेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या कामाची बातमी टाकली. त्याखाली आमचे पुण्याचे बंधुराज (चुलत, आयटीत असतो, गुणी पोरगा आहे, लहानपणी माझ्याच ताटात जेवायचा) लिहितात, "ताई, नाटकवाल्यांना पोसायला आपण टॅक्स भरतो का? एवढ्यात किती रस्ते झाले असते." त्यावर सात अंगठे. सात! त्यातला एक माझ्या सख्ख्या मामाचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळत होतं तेव्हा हाच मामा खासबागेच्या बाजूला उभा राहून लहान पोरासारखा रडला होता. दुसऱ्या दिवशी केशवरावांची, ज्या गायक नटाचं नाव नाट्यगृहाला आहे त्यांची, जयंती. सगळं कोल्हापूर हळहळलं. रडायला पैसे पडत नाहीत ना. खर्चाचा विषय निघाला की अंगठा.

आणि तो शब्द बघा. पोसायला.

मी ग्रुपवर काही उत्तर दिलं नाही. स्टूल घेतलं, माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि आबांची वही शोधली.

तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे, आबा शिंपी. मंगळवार पेठेत आठ बाय दहाचं दुकान, एक मशीन, एक कटिंगचं टेबल, टेबलाखाली मी अभ्यासाला. आबांच्या दोन वह्या असायच्या. एक गिऱ्हाइकांची. दुसरी लाल पाठीची, लांबुडकी, तिच्यावर शाईनं लिहिलेलं 'नाटक'. मी १९९१ चा नोव्हेंबर उघडलाय, जसंच्या तसं लिहिते: पोलीस ड्रेस २. वकिलाचा काळा डगला १. अंगरखे ४ (बाह्या सैल). नऊवारी शिवून १, पुरुषाच्या मापाची. पुढे आकडे, त्यापुढे 'जमा' आणि 'बाकी'. बाकीचा रकाना बराच भरलेला आहे, त्यावर नंतर येते.

हे काम यायचं राज्य नाट्य स्पर्धेचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: हौशी नाटकमंडळींची ही स्पर्धा राज्य सरकार साठाहून जास्त वर्षं भरवतंय. गावोगावच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी, मग अंतिम. बँकेतले, शाळेतले, एसटीतले लोक ऑफिस सुटलं की तालमीला जातात आणि वर्षातून एकदा मोठ्या रंगमंचावर उभे राहतात. सरकार निर्मितीखर्चाला काही रक्कम देतं. पुरते का? अजिबात नाही, वर खिशातले घालावे लागतात. पण ते पैसे येणार हे माहीत असतं म्हणून मंडळी खिशात हात घालायला धजावतात.

दिवाळी उरकली की शिंप्याचं दुकान थंड पडतं. सगळ्यांचे कपडे शिवून झालेले असतात. आमच्याकडे मात्र नेमकी तेव्हाच गर्दी. नाटकाच्या कपड्यांना नाटकवाले ड्रेपरी म्हणायचे, आबा म्हणायचे 'ड्रापरी'. रात्री अकराला कुणीतरी पळत यायचं, "आबा, अंगरखा काखेत उसवला, उद्या रंगीत तालीम आहे." आबा चष्मा पुसून परत मशीनवर.

त्या दोन-तीन वर्षांच्या ड्रापरीतून आमच्याकडे पिको-फॉलचं मशीन आलं. ते आईनं चालवलं, पुढे वीस वर्षं. साडीला फॉल लावून लावून तिनं माझं बी.कॉम. केलं, धाकट्याचा आयटीआय केला. आज मी बँकेत कर्जाच्या फायली बघते आणि तो टॅक्सही भरते, ज्याच्या हिशेबाची भावाला काळजी लागून राहिली आहे.

आता सांग बाबा, यात कोण कुणाला पोसत होतं?

सरकारच्या चार पैशांनी एक हौशी नाटक उभं राहतं तेव्हा ते नटाच्या पोटात जात नाहीत. हौशी नट तर दमडी घेत नाही! ते जातात शिंप्याकडे, सुताराकडे (लेव्हल म्हणजे रंगमंचावरचे चौथरे, फ्लॅट म्हणजे नाटकातल्या भिंती, दारं-खिडक्या), लाइटवाल्याकडे, मेकअपवाल्याकडे, टेम्पोवाल्याकडे आणि नाट्यगृहाबाहेर चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे. त्याच गावात, त्याच आठवड्यात. रस्त्याच्या पैशातला मोठा हिस्सा डांबरात, खडीत आणि मशीनच्या डिझेलात जातो. नाटकाचा पैसा जवळजवळ सगळा माणसाच्या हातावर पडतो, आणि असल्या माणसांच्या हातावर, जी तो संध्याकाळी बाजारातच खर्च करणार. हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. वही वाचता आली तरी पुरे.

हो, रस्ते लागतात. मीही स्कूटरवरनंच जाते, कंबर मलाही आहे. पुढे.

आता शाहू महाराजांकडे येते, कारण ग्रुपवर २६ जूनला फोटो टाकून 'विनम्र अभिवादन' लिहिणारे हेच सात अंगठे आहेत. महाराजांनी १९१५ साली हेच केशवराव भोसले नाट्यगृह उभं केलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. शेजारी कुस्तीचं खासबाग मैदान. दरबारात गवई अल्लादियाखाँसाहेब. ज्या राजानं राधानगरीचं धरण बांधायला काढलं, शाहूपुरीची बाजारपेठ वसवली, वसतिगृहं काढली, त्याला पैशाची किंमत कळत नव्हती असं म्हणायचंय का तुम्हाला? त्यानं 'आधी धरण, मग गाणं' असा हिशेब केला नाही. दोन्ही केलं.

त्यातून काय झालं ते ऐका. नाटक कंपन्यांना पडदे लागायचे. महाल, जंगल, रस्ता, सगळं पडद्यावर रंगवलेलं. ते रंगवणारे आपले आनंदराव आणि बाबूराव पेंटर. पडदे रंगवता रंगवता बाबूरावांना हलत्या चित्रांचं वेड लागलं. स्वतः खटपट करून कॅमेरा बनवला. भांडवल कुणी दिलं? गायिका तानीबाई कागलकर यांनी. म्हणजे गाण्यातून आलेला पैसा सिनेमात गेला. महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. तिच्यात शिकून तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि १९२९ साली त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ ला प्रभात पुण्याला गेली. पुढे प्रभातच्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली.

तर माझ्या लाडक्या भावा, ज्या प्रभात रोडवर तू रविवारी कॉफी प्यायला जातोस आणि तिचे फोटो टाकतोस, त्या रस्त्याचं नाव कुठनं आलं? आमच्या कोल्हापूरच्या पडदे रंगवणाऱ्यांकडून! म्हणे रस्ते झाले असते. झाला की रस्ता.

(कुकर लावून आले. जरा शांत झालेय.)

हे वाचून कुणीतरी म्हणणार, अनुदान लाटणारे असतात, कागदावरच्या संस्था असतात, समितीत तीच तीच तोंडं असतात. असतात. मान्य. महोत्सवाच्या नावाखाली नेत्यांच्या फोटोंचे फ्लेक्सच जास्त लागतात हेही मान्य, ते बघून माझाच संताप होतो. स्पर्धेच्या कितीतरी नाटकांना वीस-पंचवीस माणसं असतात, त्यातली दहा नटांची बायकापोरं. बरं, मान्य. पण कर्ज बुडवणारे आहेत म्हणून आम्ही बँकेत कर्ज द्यायचं बंद केलं का? फायली नीट बघायच्या असतात. पण फायली बघायचा कंटाळा, आणि अक्कल सगळी कलावंताला शिकवायची.

उद्योगांना सवलती देणारी सरकारची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. असावी. कारखाने आले, लोकांना कामं मिळाली, माझा धाकटा भाऊ तसल्याच एका कारखान्यात आहे. तिथे मात्र शब्द काय छान, प्रोत्साहन! तमाशाच्या फडाला दोन रुपये दिले की 'पोसणं'.

फडाचं निघालंच आहे तर. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणारे, ढोलकीवाले, सोंगाड्या एवढेच दिसतात तुम्हाला. पण कनात ठोकणारे, ट्रक चालवणारे, जनरेटरवाला, स्वयंपाकी हेही त्यातच. गुढीपाडव्याच्या सुमाराला पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेसाठी खेळ ठरवतात, सुपाऱ्या होतात. मालकानं माणसं टिकवायला आधीच उचल दिलेली असते, बहुतेक वेळा व्याजानं पैसे काढून. २०२० आणि २०२१ चे दोन हंगाम करोनानं गिळले. फेडायचं कुठनं? माझ्या टेबलासमोर असा एक मालक बसला होता. तारण म्हणून काय आहे विचारलं तर म्हणाला, "ट्रक, कनात आणि माझं नाव." ट्रक जुना, कनात फाटकी, आणि नावाला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही. फाईल मंजूर झाली नाही. ती मीच परत केली, दुसऱ्या कुणी नाही.

मघाशी इतक्या तावात लिहीत होते, पण हे लिहिताना हात जरा थांबला खरा.

बँक त्याला कर्ज देऊ शकत नाही, सावकार देतो आणि सोलतो. मग मध्ये उभं राहायचं कुणी? सरकारनंच ना? ज्या फडावर शंभर घरं चालतात, यात्रेतले पाळणेवाले, भेळवाले, बांगडीवाले ज्या गर्दीवर जगतात, तो एक हंगाम सावरायला मदत करणं म्हणजे पोसणं होत नाही. शेतकरी बियाणं घेतो ना, तसंच ते.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही केरळला गेलो होतो. फोर्ट कोचीत जुन्या गोदामांमधून चित्रं-शिल्पं मांडलेली, बिनाले म्हणतात त्याला. २०१२ साली पहिलं भरलं, राज्य सरकारच्या पैशावर, आणि तेव्हा तिथेही आरडाओरडा झालाच होता. आमच्या रिक्षावाल्याला चित्रातलं काही कळत नव्हतं, मलाही नव्हतं. पण कुठल्या गोदामात काय आहे, ते कधी उघडतं, दुपारी कुठे गर्दी असते, सगळं त्याला पाठ. त्याच्या बायकोनं घरातली एक खोली पाहुण्यांना द्यायला काढली होती. ती खोली बघून मला आईचं पिको मशीनच आठवलं.

आणि ज्येष्ठ कलावंतांचं मानधन. पूर्वी सगळ्यात खालच्या वर्गाला २,२५० मिळायचे, २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिना ५,००० झाले. चांगलं झालं, कौतुक करते. पण ५,००० मध्ये औषधं बसतात का हे आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. मी आबांना मागे म्हटलं होतं, तुम्हीही अर्ज करून बघा की, तीस वर्षं नाटकांना कपडे शिवलेत. म्हणाले, "मी कुठला कलावंत? मी शिंपी." विषय संपला. कुठल्याही यादीत आबा नाहीत. नाटकाचा सुतारही त्यात नाही, लाइटवालाही नाही. कलेवर खर्च किती झाला याचा आकडा पेपरात येतो. त्या खर्चावर कुठल्या पेठेत कुणाचं दुसरं मशीन आलं, हे कोण छापणार?

गंमत म्हणजे आबांनी अख्खं नाटक कधी बघितलंच नाही. कायम विंगेत, ओठात टाचण्या, हातात सुईदोरा. समोरून टाळ्या पडल्या की त्यांचं लक्ष अंगरख्याच्या शिवणीकडे. एका नाटकाला मला घेऊन गेले होते, मी सहावी-सातवीत असेन. माझ्या कानात म्हणाले, "तो राजा वाकला ना, की बघ, पाठीत टाका तटतटतोय." नाटक काय होतं देव जाणे. टाका मला आजही दिसतो.

आता बाकीच्या रकान्याचं. १९९१ च्या पानावर सगळ्यात खाली 'बाकी ४०' आहे. नऊवारीचे. ज्यानं ती नेसून काम केलं त्या गृहस्थांच्या नावापुढे. पुढच्या वर्षीच्या पानावर तेच नाव, तीच बाकी, त्याच्या पुढच्या वर्षीही. खोडलेली नाही आणि मागितलेलीही नाही. ते गृहस्थ आज ऐंशीच्या घरात आहेत, फेसबुकवर आहेत, माझ्या यादीतही आहेत, आणि रोज सकाळी सुविचार पाठवतात.

पोस्ट टाकायच्या आधी आबांना वाचून दाखवली. खुर्चीत डोळे मिटून ऐकली सगळी. शाहू महाराजांचं आलं तेव्हा मान हलवली, फडमालकाचं आलं तेव्हा "बघायला पायजे होतंस काहीतरी" एवढंच म्हणाले. मी गप्प बसले. मग म्हणाले, "ते चाळीस रुपयांचं काढून टाक. वाचलं तर वाईट वाटंल त्याला."

मी म्हटलं, नाव कुठे लिहिलंय?

"नऊवारी लिहिलीस की. त्या साली ती एकानंच नेसली होती."