राजे सुटतील का हो? अंदाज बांधणाऱ्यांसाठी मौलिक सूचना

ऐतिहासिक मालिकेचा शेवट काय होणार याचा अंदाज बांधणं हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यासाठी आधी तो शेवट माहीत नसावा लागतो. महाराष्ट्रात जन्मून, इथल्याच शाळेत शिकून, दर शिवजयंतीला गाडीवर भगवा लावून, संभाजीराजांचं पुढे काय झालं हे माहीत नसणं याला काय साधना लागत असेल, विचार करा. ती साधना माझ्या सासरच्या अठरा माणसांनी पूर्ण केलेली आहे. त्यांच्या पायाशी बसून जे शिकले, ते तुमच्यासाठी लिहून ठेवते.

आधी घडलेलं सांगते. 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाली आणि २९ फेब्रुवारी २०२० ला संपलीसुद्धा. पण त्या काळात आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या आत्येसासूबाई, दुसऱ्या चॅनेलवरच्या एका सुनेच्या छळात गुंतल्या होत्या. त्यामुळे ही राहून गेली. ती आता अख्खं घराणं मिळून बघतंय. रोज रात्री नऊला एक भाग. कुणी पुढे पळायचं नाही. भाग झाला की ग्रुपवर चर्चा. न्यू जर्सीचे भाऊजी तिकडे सकाळची कॉफी घेत इकडच्या स्वराज्याची काळजी वाहतात.

गेल्या रविवारी आत्याबाईंकडे पुरणपोळीचं जेवण होतं. मी वाढत होते, हातात कटाच्या आमटीचं पातेलं. थोरले भाऊजी पोळीवर तूप ओतून घेत म्हणाले, "संगमेश्वर जवळ आलंय. पण माझं मन सांगतं, राजे सुटणार. आग्र्याहून सुटले होते की!" आत्याबाई म्हणाल्या, "येसूबाई काहीतरी करेल बघ. बाई खमकी आहे." मुंबईच्या वन्संचं म्हणणं पडलं की औरंगजेबाची मुलगीच बापाचं मन वळवेल, तिचा चेहरा तसा दाखवलाय. आणि मी, भाऊजींच्या वाटीत आमटी घालता घालता, गॅसचा सिलिंडर कधी येणार हे सांगावं इतक्या सहज बोलून गेले, "नाही सुटत. अकरा मार्च सोळाशे एकोणनव्वद. तुळापूर."

पंगत थांबली. भाऊजींचा घास हातातच राहिला. आत्याबाईंनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला आणि माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "शेवट सांगितला हिने."

रात्री मला ग्रुपवरून काढण्यात आलं. तर आता सूचना.

सूचना पहिली. शाळेच्या पुस्तकांपासून लांब राहा. मी काही इतिहासकार नाही, बँकेत कर्जाच्या फायली बघते. माझं सगळं ज्ञान पोराच्या सातवीच्या पुस्तकातलं. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला सनावळ्या विचारत होते, त्या त्याच्या डोक्यात राहिल्या नाहीत आणि माझ्या राहिल्या. तुमच्या घरात असं पुस्तक असेल तर ते माळ्यावर टाका. चुकून उघडलं गेलं तर शेकडो भागांच्या उत्कंठेवर एका ओळीत पाणी पडेल.

सूचना दुसरी. पुरावा शोधायचा तो प्रोमोमध्ये. बखरी, पत्रं, मोगलांची अखबारं ही रिकामटेकड्यांची कामं. खरा अभ्यासक तीस सेकंदांचा प्रोमो सतरा वेळा थांबवून बघतो. मागे तुतारी वाजली की सनई? दिवा विझला की नुसता थरथरला? राजांनी येसूबाईंकडे वळून बघितलं ते किती सेकंद? आमच्या धाकट्या जाऊबाईंनी कवड्यांच्या माळेतल्या कवड्या मोजून निष्कर्ष काढलाय. काय निष्कर्ष ते मला कळलं नाही, पण फोटोवर त्यांनी लाल गोल केला होता.

नटाचाही बारकाईने अभ्यास हवा. राजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे मालिका चालू असतानाच २०१९ ला खासदार झाले, ते किती मतांनी, कुणाला पाडून, हे आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. "म्हणून मालिका लवकर गुंडाळली असणार" हा त्यावरचा सिद्धान्त. ज्या शिरूरमधून ते निवडून आले त्याच मतदारसंघात वढू बुद्रुक आहे आणि तिथे संभाजीराजांची समाधी आहे, हे मी एकदा म्हणाले. तेव्हा "हो का?" असं उत्तर आलं. आमच्या चिंचवडच्या घरापासून तुळापूर ते किती लांब? आळंदीच्या पुढे. भीमा, भामा आणि इंद्रायणीचा संगम. अठरापैकी एकही माणूस तिथे गेलेला नाही. पण जाऊ नयेच. तिथे पाटीवर शेवट लिहिलेला आहे.

सूचना तिसरी. सिद्धान्त किमान तीन तरी बाळगा. एक फसला की दुसरा.

आग्रा सिद्धान्त सर्वांत लोकप्रिय. १६६६ साली बाप-लेक आग्र्याहून निसटले, तेव्हा आताही पेटारे येतील. त्या वेळी संभाजीराजे नऊ वर्षांचे होते, थोरल्या महाराजांनी त्यांना मथुरेला मागे ठेवलं होतं आणि ते नंतर घरी पोचले, असले तपशील मध्ये आणू नका. त्यानंतर तोतया सिद्धान्त. पन्हाळ्याला शिवा काशीद महाराजांच्या जागी पालखीत बसून गेला, मग इथेही कुणीतरी बसेल. हे बोलताना शिवा काशीद मेला होता याची आठवण ठेवायची नाही. आणि तिसरा माझा आवडता, लीप सिद्धान्त. पडद्यावर 'सहा वर्षांनंतर' अशी अक्षरं येतील, राजे स्मृती गेलेल्या अवस्थेत कोकणात सापडतील आणि येसूबाईंची ठुशी बघून त्यांना सगळं आठवेल. हा मी गमतीत सांगितला होता. त्याला नऊ अंगठे मिळाले.

सूचना चौथी. 'बखर' हा शब्द दिवसातून दोनदा वापरा.

सूचना पाचवी. रडायचं असेल तर जाहिरात संपल्यावर रडा, मध्ये लय तुटते.

सूचना सहावी. शेवटचे भाग बघायचेच नाहीत, असं आधीच जाहीर करून टाका. "मला नाही बघवणार गं" असं म्हणायचं आणि पॉपकॉर्नची पाकिटं आणून ठेवायची.

सूचना सातवी, आणि ही फार महत्त्वाची. फितूर कोण ते ठरवून टाका.

शेवटापेक्षा हा खेळ जास्त रंगतो. मला ग्रुपवरून काढल्यानंतर सोमवारी रात्री तिथे मतदान झालं. नवऱ्याच्या फोनवर मी ते बघितलं. वर प्रश्न, 'फितूर कोण?', पुढे दाढी कुरवाळणारा पिवळा चेहरा. खाली पर्याय. त्यात चक्क कवी कलशांचं नाव होतं! अहो, तो माणूस राजांबरोबर संगमेश्वरला पकडला गेला, राजांबरोबर त्याची धिंड निघाली, जे हाल राजांचे तेच त्याचे, आणि मेलाही त्यांच्याच बरोबर. फितुरीचं असं बक्षीस कुणी घेतं का? तरी चार मतं. आणि अकरा मतं पडली एका आडनावाला. माणसाला नाही, आडनावाला. ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही ओळखलंच असेल, आणि तोच तर रोग आहे.

राजांना पकडणारा मोगल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून सह्याद्रीच्या घाटवाटा तुडवत संगमेश्वरात कसा पोचला, त्याला खबर कुणी दिली, यावर जाणत्यांचं आजही एकमत नाही. खानाचे स्वतःचे हेर होते असं म्हणणारे आहेत, घरच्यांकडे बोट दाखवणारे आहेत. आयुष्य कागदपत्रांत घालवलेली माणसं इथे जपून बोलतात. आणि आमचे थोरले भाऊजी, ज्यांना परवा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची चावी कुणाकडे आहे ते तीन दिवस शोधता आलं नाही, ते १६८९ सालचा फितूर शोधून काढतात दोन मिनिटांत, सोफ्यावर आडवे पडून, आणि तेही नटाने भुवई उडवली म्हणून.

मंगळवारी संध्याकाळी मी गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. टीम पाडत होती. आमच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्या आडनावाचं एक कुटुंब राहतं. त्यांचा मुलगा सहावीत आहे, बारीक अंगाचा, चष्मा दोऱ्याने मागे बांधलेला. तो आपला हात वर करून उभा. कुणी घेईना. मग एकाने सांगितलं, "याला नका घेऊ रे, हा फितूर आहे. समोरच्या टीमला सगळं सांगेल." सगळी हसली. एक जण ओरडला, "फितूर, फितूर!" मग सगळ्यांनी ताल धरला. तो पोरगा आधी हसला. त्याला वाटलं गंमत आहे. मग त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला, परत काढला.

ताल धरणाऱ्यांत माझाही दिवटा होता.

मी त्याला वर बोलावलं. विचारलं, हे कुठून शिकलास? म्हणाला, "बाबांनी वाचून दाखवलं ना काल, अकरा मतं. आत्याआजीपण म्हणाली, रक्तातच असतं."

सूचना कितवी चालली होती ते आता आठवत नाही आणि मला सूचना द्यायच्याही नाहीत.

आत्याबाई, तुम्ही हे वाचाल, कुणीतरी तुम्हाला पाठवेलच. राजांना पकडून बहादूरगडावर नेलं, तेव्हा बादशहाचा सरदार त्यांच्याकडे दोन प्रश्न घेऊन गेला. खजिना कुठे आहे? आणि आमच्या सरदारांपैकी तुमच्याशी पत्रव्यवहार करणारे कोण? म्हणजे फितूर कोण, हाच प्रश्न. तुमच्या ग्रुपवर होता तोच. महिन्याभराहून जास्त काळ त्या माणसाला कैदेत ठेवलं, हाल केले, डोळे काढले, तरी त्याने नाव घेतलं नाही. बादशहाला शिव्या दिल्या, पण नाव दिलं नाही. आणि त्या माणसाची भक्ती म्हणून तुम्ही काय केलंत? पुरण पचायच्या आत अकरा मतांनी नाव दिलंत! अख्ख्या आडनावाचं. रक्तातच असतं म्हणे. रक्त तपासायला लॅबमध्ये जाताना सुई बघून डोळे मिटणारी माणसं तुम्ही.

आणि शेवट, शेवट काय लावलंय? राजे गेले की संपलं, असं औरंगजेबालाही वाटलं होतं. तो पुढे अठरा वर्षं याच मातीत वणवणला आणि १७०७ ला नगरजवळ मेला, दिल्ली परत दिसली नाही त्याला. तुमच्या त्या खमक्या येसूबाईचं काय झालं ते विचारलंत का एकदा तरी? नवऱ्याचे हाल झाल्याची बातमी आली तेव्हा पदरात सहा वर्षांचा शाहू. गादीवर राजाराम बसला, त्याला तिने निसटून जायला लावलं आणि स्वतः पोराला घेऊन रायगडावर मागे राहिली. नोव्हेंबर १६८९ मध्ये गड पडला, मोगलांच्या कैदेत गेली. सुटली १७१९ ला. तीस वर्षं, आत्याबाई! लग्नाचं पोर नातवंडं खेळवायला लागतं एवढा काळ. त्यावर ग्रुपवर एक ओळ नाही. तिच्या नथीवर मात्र चौसष्ट मेसेज आहेत, मी मोजलेत.

मी तुमचा शेवट फोडला म्हणून मला ग्रुपवरून काढलंत. परत घेऊ नका, मला यायचं नाही. पण ते मतदान आज रात्री नऊच्या आत काढून टाका, आणि थोरल्या भाऊजींनी स्वतः तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्या मुलाच्या आईशी बोलावं. माझा मुलगा काल जाऊन आला. दारात उभा राहून काय म्हणाला मला माहीत नाही, मी जिन्यात थांबले होते. दार उघडं होतं आणि आत टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

आणि खाली खेळणाऱ्या बाकीच्या पोरांनो, तुमच्या आया हे वाचतायत म्हणून सांगते. मंगळवारचा तुमचा बॉल माझ्या गॅलरीत, तुळशीच्या कुंडीमागे आहे. त्याला टीममध्ये घ्याल, ओपनिंगला पाठवाल, तेव्हा मिळेल.