भाताचा बाप

मंगळवारी सकाळी मी डबा विसरलो. निदान घरी तसं सांगितलं. खरं म्हणजे दाढी करता करता मला स्वयंपाकघरातून दोडक्याच्या शिरा सोलल्याचा आवाज आला होता, आणि त्यानंतर चपलांच्या कपाटावर ठेवलेला डबा मला काही केल्या दिसेना. दोडक्याशी माझं वैर नाही. फक्त दुपारी एकला झाकण उघडल्यावर तो ज्या ओल्या नजरेने माझ्याकडे बघतो, ते मला सोसत नाही.

हिंजवडीत डबा नसलेल्या माणसाला फारशा वाटा नसतात. आमच्या कॅन्टीनमध्ये सोमवारचा राजमा गुरुवारी 'मेक्सिकन' होतो. खाली टपरीवर वडापाव मिळतो, पण दोन वाजता क्लायंटचा कॉल असताना दोन वडे खाऊन मी कॅमेरा चालू ठेवू शकत नाही. शेवटी टीममधली नवी मुलगी म्हणाली, "सर, फेज वनला राइस बाऊलवाला झालाय, तिथे जाऊ. एकदम कॅज्युअल आहे."

कॅज्युअल म्हणजे काय ते तिथे पोचल्यावर कळलं. पाठ टेकायला काही नाही, पाय टेकायलाही काही नाही. बारीक, उंच स्टुलं. त्यांच्यावर आमच्यासारखी चाळिशी ओलांडलेली माणसं पिंपळाच्या पारावर चढवलेल्या लहान मुलांसारखी पाय हलवत बसली होती.

मेन्यू नव्हता. टेबलावर चौकोनी ठिपक्यांची रांगोळी होती, ती मोबाइलने टिपायची. टिपली. पहिल्याच पानावर हुकूम आला, 'बेस निवडा'. बेस म्हणजे भात, हे कळायला अर्धं मिनिट गेलं. जन्मभर ज्याला अन्न म्हटलं त्याला इथे पाया म्हणतात, म्हणजे आता यावर मजले चढणार, हे मी ओळखलं. पायातही प्रकार होते. जॅस्मिन, ब्राऊन, स्टिकी, आणि चौथा कॉलिफ्लॉवर राइस. फ्लॉवर किसून त्याला भात म्हणायचं! आमच्या आजीने एवढी फसवणूक आजारी माणसाचीसुद्धा केली नसती.

स्टिकी राइसवर मात्र मी थबकलो. जो भात आमच्या घरी गिचका झाला म्हणून करणाऱ्याला बोलणी बसतात, तो इथे पन्नास रुपये जास्त देऊन मिळत होता. आणि हे कुठे, तर मुळशी तालुक्यात! ज्या हिंजवडी-माणच्या काचेच्या इमारतींत आम्ही बसतो, तिथे आमच्या आधी भाताची खाचरं होती. मुळशी-मावळच्या आंबेमोहोराचा वास शिजताना चार घरांत जायचा. याच आंबेमोहोराचा आयआर-8 या भाताच्या जातीशी संकर करून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 साली इंद्रायणी काढला. तो आपला आपणच चिकटतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. आणि मी त्याच्याच माहेरी उंच स्टुलावर बसून थायलंडच्या भातासाठी ओटीपीची वाट बघत होतो.

पुढे प्रोटीन, मग सॉस, मग क्रंच, मग गार्निश. पासपोर्टच्या अर्जात निदान आईचं नाव तरी ओळखीचं असतं. सहाव्या पानावर माझा धीर सुटला आणि मी मागे येऊन 'तयार बाऊल' या खान्यात शिरलो. तिथे पहिलंच नाव होतं बिबिमबाप. किंमत 349. खाली 'एक टॉपिंग जादा, फक्त 40' असं लिहिलेलं. चित्रातल्या हिरव्या-पांढऱ्या चकत्या देखण्या होत्या, नाव त्याहून देखणं. झुकिनी. लावली.

काउंटरवरच्या मुलाने हातात एक काळी तबकडी दिली. "बजेगा तो आना, सर." मीही माझ्या पेठी हिंदीत विचारलं, "कितना टाइम लगेगा?" "दस मिनिट." माझा नंबर 63 होता, पडद्यावर 41 चालू होता आणि घड्याळात एक वीस. टीममधल्या मुलीचा नंबर 44. ती खाऊन, फोटो काढून, हात पुसून "सर, मी निघते, डेमो सेट करते" म्हणून गेलीसुद्धा.

उपाशी माणूस फोनवर ज्ञान मिळवतो. मला कळलं, की कोरियन भाषेत बिबिम म्हणजे कालवणं आणि बाप म्हणजे भात. मी एकटाच मोठ्यांदा हसलो, शेजारच्याने आपली पिशवी जवळ ओढून घेतली. पण विचार करा, ज्या लोकांनी भाताला सरळ बाप म्हटलं, त्यांना अन्नाची किंमत कळलेली आहे. जपान्यांचीही हीच रीत. योशिनोया या नावाचं दुकान 1899 साली टोकियोतल्या निहोनबाशीच्या मासळीबाजारात निघालं ते घाईतल्या बाजारकऱ्यांसाठी. खोलगट वाडगा, त्यात भात, वर मांस, खा आणि कामाला लागा. म्हणजे हे जेवण मुळात घाईच्या माणसासाठी निघालेलं. एक सदतीसला माझ्या पडद्यावर 52 होता.

एक बेचाळीसला तबकडी थरथरत टेबलावरून सरकू लागली. मी तिला पकडून धावलो.

वाडगा पुठ्ठ्याचा, पण आत काय मांडणी! मधे मूद, मुदीवर अर्धं अंडं, आणि भोवती गाजर, पालक, मशरूम, कोबी, झुकिनी अशा फाका, ऑफिसातल्या पाय चार्टसारख्या. तिमाही अहवालच जणू, फक्त पालकाची वाढ जरा जास्त. वरून गोचुजांग नावाचा लाल सॉस. नावावरून मला वाटलं होतं, घाम फोडेल. पण तो आधी गोड लागला आणि मग तिखट. पुण्यात वीस वर्षं गुळाची आमटी खाल्लेली असल्याने मी काही बोललो नाही.

बरोबर लाकडी काटा-चमचा होता, दोघांचं काम एकटा करणारा. कालवायला गेलो तर पहिल्याच वळणाला त्याचा एक दात भातात राहिला. चिकट भात पुठ्ठ्याला धरून बसलेला, सॉस वर, गाजर टेबलावर. एक अठ्ठेचाळीस. मी इकडेतिकडे बघितलं, बाह्या वर केल्या आणि उजवा हात वाडग्यात घातला.

आहाहा! बोटांना भात लागल्याबरोबर जेवण सुरू झालं. अंडं फुटलं, सॉस खाली उतरला, पालक वळणावर आला. समोरच्या टेबलावरची दोन पोरं चॉपस्टिक्स हवेत धरून बघत राहिली. मला वाटलं, काउंटरवरचा मुलगा आता काहीतरी बोलणार. तो टेबल पुसायला आला आणि म्हणाला, "बरोबर आहे सर, ते कालवूनच खायचं असतं."

"अरे, तू मराठी?"

"पौडचा. तुम्ही हिंदीत बोललात म्हणून मीपण."

"तू जेवलास का?"

"आमचं तीननंतर. डबा असतो. इंद्रायणी आणि आमटी." एवढं सांगून तो माझा मोडका दात फडक्याने उचलून घेऊन गेला.

मग मी झुकिनीकडे वळलो. मुद्दाम शेवटी ठेवली होती, चाळीस रुपयांचा ऐवज. एक चकती तोंडात टाकली. मऊ. पाणचट. किंचित गोडसर. चव ओळखीची वाटली, पण नाव आठवेना. दुसरी खाल्ली. तिसरीला अंगावर शहारा आला. हिरव्या सालीचा, ओल्या नजरेचा तो माझ्याकडे बघत होता. काकडीच्या कुळातलाच शेवटी, आतेभाऊ का मामेभाऊ एवढाच प्रश्न!

बिल 408 रुपये 45 पैसे. पाच टक्के जीएसटी, त्यातले अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे. झुकिनीवर म्हणून दोन्ही सरकारांना एकेक रुपया मिळाला. घरून पळून जाण्याचा दंड म्हणून ते तसं वाजवीच होतं.

दोनच्या कॉलला मी दोन सातला पोचलो. मेट्रोच्या खांबांखालून धावलो हे मी सांगितलं नाही, नेटवर्क गेलं होतं असं सांगितलं. सव्वाचारला पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा खाली जाऊन मुकाट्याने वडापाव खाल्ला. दोन.

रात्री घरी पोचलो तर बायको म्हणाली, "डबा विसरलास ना? तशीच ठेवलीये भाजी फ्रिजमध्ये. खाल्लंस काय दुपारी?"

"भात."

"नुसता?"

"वर थोडी भाजी होती."

"कसली?"

मी हात धुवायला गेलो. ताटात गरम भात वाढलेला, वर तुपाची धार, शेजारी गरम केलेला दोडका, दाण्याचं कूट घातलेला. कालवला, जेवलो आणि पुन्हा दोडका मागितला. बायकोने पळी तशीच हातात धरून दुसरा हात माझ्या कपाळाला लावून पाहिला.