आजीचं गोंदण

आज दुपारी ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. सॅन फ्रान्सिस्कोची मार्केट स्ट्रीट, १९०६, 'आता रंगीत आणि एचडीमध्ये'. खाली वा वा, अप्रतिम, अंगठ्यांची रांग. माझं डोकंच फिरलं.

मूळ काळी-पांढरी फिल्म मी कितीदा पाहिलीय याची मोजदाद नाही. माइल्स ब्रदर्स या फिल्म कंपनीने केबल कारच्या, म्हणजे रस्त्यावरच्या रुळांवरून धावणाऱ्या गाडीच्या, तोंडाशी कॅमेरा लावला आणि साधारण तेरा मिनिटं नुसता रस्ता टिपला. घोडागाड्या, मोटारी, गाडीसमोरून पळणारी पोरं. काही दिवसांतच, १८ एप्रिलला, भूकंप झाला आणि पाठोपाठच्या आगीत हा सगळा भाग जळाला. आवाज मुळात नाहीच. या व्हिडिओत मात्र टापा वाजतात, घंटा वाजतात. कुठून आणल्या?

आमच्याकडे आजीचा एकच फोटो होता. कोपरे खाल्लेला, पिवळा पडलेला. बाबांनी तो शहरातल्या एका स्टुडिओत 'साफ' करायला दिला. परत आला तो चकचकीत. लुगडं हिरवंगार, गाल गुलाबी. आत्याने हातात घेतला आणि म्हणाली, "अरे, आईचं गोंदण कुठंय?" हनुवटीवरचं गोंदण त्यांनी डाग समजून पुसलं होतं.

त्या रस्त्याचंही तेच झालंय. ही फिल्म कित्येक वर्षं १९०५ची समजली जायची. डेव्हिड कीन या अभ्यासकाने रस्त्यावरची ओल पाहिली, मोटारींच्या नंबरप्लेट पाहिल्या, जुन्या पेपरांतल्या पावसाच्या बातम्या चाळल्या आणि ती भूकंपाच्या ऐन तोंडावरची असल्याचं दाखवलं. म्हणजे पुरावा होता तो चिखलपाण्यात! आता त्याच नंबरप्लेटवर रंगाचे फराटे आहेत. साफ केलं म्हणे.

मान्य, रंग आहे म्हणून माझ्या भाच्याने ती शेवटपर्यंत पाहिली, एरवी पाहिली नसती. बरं. पण यंत्राने अंदाजाने भरलेल्या रंगाला 'जुनं जसंच्या तसं' म्हणू नका ना!

असंही अशा जुन्या फिल्मांतलं किती उरलंय? डिसेंबर १९७८ मध्ये मेरीलँडमधल्या सूटलंडला अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या गोदामाला आग लागली आणि युनिव्हर्सल कंपनीच्या न्यूजरीलची, म्हणजे बातमीपटांची, १ कोटी २६ लाख फूट नायट्रेट फिल्म (जुन्या काळची, झटकन पेट घेणारी) गेली. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्याने विझत नाही. जे वाचलंय, त्यावर आता आपण ब्रश फिरवायचा?

लिहिता लिहिता राग उतरलाय. १९०४ची वेस्टिंगहाऊस कारखान्याची एक फिल्म पुन्हा लावून बसलोय. पिट्सबर्गजवळ बिली बिट्झरने टिपलेली. कामावरच्या बायका रांगेने येतात, हजेरीचे बिल्ले घेतात, पुढे जातात. त्यांतली एखादी जाता जाता कॅमेऱ्याकडे बघते. चित्र दाणेदार, चेहरा नीट कळत नाही. पण तो तिचाच आहे, यंत्राने काढून दिलेला नाही.

या फिल्म अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या ग्रंथालयाने नेटवर फुकट ठेवल्यात. शेअर करायच्या तर त्या करा. रंगीत टाकायचीच असेल तर खाली मूळची लिंक द्या, एवढं तरी करा.

आजीचा मूळ फोटो आम्ही परत मागायला गेलो तेव्हा त्या स्टुडिओत सापडला नाही. आत्या म्हणते गोंदण हनुवटीच्या उजव्या बाजूला होतं. बाबा म्हणतात, मधोमध.