साखळीने कुत्र्याची पळण्याची खोड मोडते का?

गेले काही महिने मोबाइलवर एक सल्ला फिरतो आहे. आवारातून पळणाऱ्या कुत्र्याला आठवडाभर साखळीने बांधावे, परत आल्यावर चांगला चोप द्यावा, कुंपणाची भिंत दोन फूट वाढवावी आणि नर असल्यास त्याचे खच्चीकरण करावे, म्हणजे प्रश्न कायमचा मिटतो, असे त्यात म्हटले आहे. यातला शेवटचा भाग अर्धा खरा आहे. पहिला मात्र सरळ घातक आहे.

बांधलेला कुत्रा पळत नाही, पण साखळी असेपर्यंतच. दिवसभर चार हातांच्या घेरात फिरलेल्या जनावराची अंगातली रग तशीच राहते आणि कडी निघताच ते फाटकाकडे सुसाट सुटते, त्यामुळे आठवड्याच्या शेवटी खोड मोडलेली नसते, उलट पक्की झालेली असते. साखळी भिंतीलगत असेल तर उडी मारून पलीकडे लटकलेल्या कुत्र्याला गळफास बसतो. जुन्नरसारख्या बिबट्याच्या टापूत रात्री अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी आयती शिकारच. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार जनावराला गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीने गैरवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, हा गुन्हा आहे.

चोप देण्याबद्दल फार लिहायला नको. कुत्रा माराचा संबंध तासाभरापूर्वीच्या पळण्याशी जोडत नाही, तर आत्ता केलेल्या कृतीशी जोडतो, आणि ती कृती असते घरी परत येण्याची.

भिंतीच्या बाबतीत आम्हीही फसलो आहोत. आमच्या आवाराला चिऱ्याचा गडगा होता, चार फुटांचा; कुत्रा कारवानी या शिकारी जातीचा, लांब पायांचा, म्हणून तो उडी मारूनच जात असणार असे धरून गडगा सहा फूट केला, आणि तिसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा गावात. अखेर फाटकाशी वाकून पाहिले तेव्हा पावसाच्या पाण्याने पडलेल्या चरात तांबडी माती घासून गुळगुळीत झालेली दिसली आणि फाटकाच्या खालच्या पट्टीला त्याचे केस चिकटलेले होते. म्हणजे गवंड्याचे पैसे वरच्या बाजूला गेले आणि कुत्रा खालून गेला. त्यावर उपाय स्वस्त निघाला: तारेची जाळी काटकोनात वाकवून तिची एक बाजू कुंपणाला बांधली, हातभर रुंदीची दुसरी बाजू आतल्या अंगाला जमिनीवर पसरली, त्यावर माती लोटून चिरे ठेवले आणि फाटकाखाली सिमेंटचा उंबरा घातला. कुत्रा खरोखरच वरून जात असला, तरी आधी भिंतीलगतची लाकडाची मोळी आणि पाण्याचे पिंप हलवावे, आणि भिंतीच्या माथ्यावर आत कललेली जाळी लावावी.

खच्चीकरणाने माजावरच्या मादीच्या मागे भटकणे बहुधा कमी होते, तेही शस्त्रक्रियेनंतर लगेच नव्हे, काही आठवड्यांनी. कंटाळ्याने माती उकरणारा किंवा दिवाळीतल्या फटाक्यांना घाबरून वाट फुटेल तिकडे धावणारा कुत्रा त्याने थांबत नाही. पहिल्याला सकाळ-संध्याकाळ फिरवणे आणि वास घेत हुंगायला वेळ देणे हाच इलाज आहे. दुसऱ्याला त्या रात्री अंगणात न ठेवता घरात, दारेखिडक्या लावून ठेवावे.

त्या संदेशात फाटकाचा उल्लेखच नाही, याचे मला सर्वांत नवल वाटते, कारण कुत्रे भिंतीपेक्षा उघड्या राहिलेल्या फाटकातून अधिक सहज निसटतात. आम्ही बाहेरून ‘आधी हाक मारा, मग कडी काढा’ अशी पाटी लावली होती. पण ती वाचत ती माणसे, ज्यांना हाक मारायची सवय मुळातच होती. आता कडीला कुलूप आहे आणि कुत्र्याच्या पट्ट्याला फोन नंबर कोरलेला बिल्ला.