"तेव्हा तू कुठे होतीस?" हा प्रश्न आता पुरे

आज ओळखीतल्या एका घरातले लहान मूल खिडकीतून पडले. ते वाचले, पण भेटायला आलेला जो तो त्याच्या आईला विचारत होता, "तेव्हा तू कुठे होतीस?" ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण हाच प्रश्न माझ्या वहिनीने महिनोन्महिने सोसला आहे.

माझी पुतणी तीन वर्षांची असताना अशीच पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. वहिनी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. पलंग खिडकीला टेकवलेला असल्यामुळे त्यावर उभ्या राहिलेल्या पोरीच्या जेमतेम गुडघ्याशी खिडकीची कड येत होती, आणि डासांची जाळी तिच्या भाराने चौकटीसकट निखळली. डास अडवायला लावलेली जाळी मूल कशी अडवणार? तरीही पलंग, खिडकी आणि जाळी यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. बोल लागला तो फक्त वहिनीला.

पालकांनी लक्ष ठेवावे, हे मान्य. पण डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्यालाही कधीतरी पाठ फिरवावी लागते, आणि मुलाला तेवढा क्षण पुरतो. न्यूयॉर्क शहराने 1976 मध्ये, दहा वर्षांपर्यंतची मुले राहतात अशा बिऱ्हाडांच्या खिडक्यांना गज बसवणे इमारतमालकांना बंधनकारक केले, आणि मुले पडण्याचे प्रमाण घटले. तिथल्या आया काही रातोरात अधिक दक्ष झाल्या नव्हत्या!

जगात दरवर्षी सुमारे 44 लाख माणसे अपघात आणि हिंसेतल्या इजांनी दगावतात. साथ आली की आपण रोग्याला न झापता पाणी तपासतो. इथे मात्र नशीब आणि निष्काळजीपणा यांपुढे आपली बुद्धी जात नाही. विल्यम हॅडन या अमेरिकी डॉक्टरने इजेपूर्वी, इजा होताना आणि इजेनंतर काय बदलता येईल, असे तीन टप्प्यांत पाहायला शिकवले. आमच्या घरी पहिल्याच टप्प्यावर नुसता पलंग सरकवला असता, तरी बरेच टळले असते. हे सांगायला एकही माणूस आधी आला नाही, नंतर मात्र रीघ लागली.

वहिनी आजही खिडकीजवळ मूल दिसले की बोलता बोलता थांबते. तिला दोष देणाऱ्यांना ते दिसत नाही.

गजांमुळे आगीत अडकायला होते, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ते मोठ्यांना आतून उघडता येणारे हवेत. त्यांच्यातले अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि घराचा ताबा देण्यापूर्वी ते बसवण्याची सक्ती बांधणाऱ्यावर हवी.