मांडुळात इरिडियम? पुरे करा आता!

आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही फिरत आला असेल. ‘मांडुळाला दोन तोंडं, सहा महिने इकडून चालतं, सहा महिने तिकडून. अंगात इरिडियम. मांस खाल्लं की कॅन्सर, एड्स बरा. अडीच किलोच्या मांडुळाला तीन कोटी!’ खाली मामांची पुस्ती: ‘गावाकडे शोधायला हवं.’ म्हणून लिहावं लागतंय.

तोंड एकच, मामा. शेपटी बोथट असल्यामुळे पटकन फरक कळत नाही, एवढं कबूल. पण तोच तर डाव आहे. धोका जाणवला की मांडूळ डोकं वेटोळ्याखाली लपवतं आणि शेपटी वर करतं. घाव बसलाच तर तिथे बसतो. अमेरिकेतला रबर बोआ हा साप उंदरांची पिल्लं खाताना त्यांच्या आईचे चावे अशाच शेपटीवर झेलतो, वण राहतात. उत्क्रांतीत टिकलेली युक्ती आहे ही, चमत्कार नव्हे. नीट बघा: बारीक डोळे आणि लवलवती जीभ एकाच टोकाला असते. दुसऱ्या टोकाला ‘डोळे’ दिसले तर ते गारुड्याने डागून केलेले असतात.

इरिडियम हा प्लॅटिनमच्या कुळातला धातू. त्याचे स्पार्क प्लग दुकानात मिळतात, साप कशाला हवा?

मांडुळाचं मांस कॅन्सर-एड्सवर औषध आहे, याचा काडीचा पुरावा नाही. आजारी माणसाच्या घरी असला मेसेज जातो तेव्हा तो उपचार सोडून भोंदूकडे वळतो, याची मला खरी चीड आहे.

पैशाचं अर्धं खरं: बाजार आहे, पण फसवाफसवीचा. वजनावर भाव सांगतात, म्हणून जिवंत सापाच्या पोटात पारा, लोखंडी गोळ्या कोंबल्याच्या बातम्या आल्यात. वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी-इंडियाच्या अहवालात २०१६ ते २०२१ दरम्यान मांडूळ जप्तीची १७२ प्रकरणं नोंदली आहेत. त्यातली ५९ एकट्या महाराष्ट्रातली, बरीचशी पुणे-ठाण्याकडची. आपलाच नंबर पहिला! आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत हा साप धोक्याच्या उंबरठ्यावर आहे, तो उगाच नाही.

मांडूळ ठेवून ‘पैशाचा पाऊस’ पाडतो म्हणणाऱ्यांच्या पूजेबद्दल बोलतच नाही, त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आणि मामा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मांडूळ पकडणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. बांधावर दिसलं तर राहू द्या, तुमचेच उंदीर खातं. कोणी विकायला आणलं तर वनविभागाला १९२६ वर कळवा.